शेतीतील परिवर्तन : प्रगती कोणत्या मापाने मोजावी?



आपल्यापैकी बहुतेकांच्या मागील एक-दोन पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबल्या. बाबासाहेबांच्या आदेशाप्रमाणे आपण शिकलो, शहरात आलो, नोकरीला लागलो. त्यामुळे शेतीचा विषय निघाला की "आता आपला त्याच्याशी काय संबंध?" असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आपल्या ताटातील भाकरी शेतातूनच येते. गावाकडे राहिलेला भाऊ, चुलता किंवा मावशी आजही शेतावर किंवा शेतमजुरीवर जगते. म्हणून शेतीत जे परिवर्तन होऊ घातले आहे त्याचा अभ्यास आपण केला पाहिजे.

गेल्या काही वर्षांत रासायनिक खते आणि विषारी फवारे कमी करून निसर्गाशी जुळवून घेणारी शेती करावी, असा विचार जगभर पुढे आला आहे. आपल्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास मंजुरी दिली. त्यासाठी २४८१ कोटी रुपयांची तरतूद असून १ कोटी शेतकरी आणि साडेसात लाख हेक्टर जमीन असे उद्दिष्ट ठरविले आहे. उद्दिष्ट चांगले आहे. पण उद्या हे आकडे पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तर परिवर्तन झाले असे मानावे काय? प्रगती झाली हे ओळखायचे कशावरून?

भगवान बुद्धांनी केसपुत्त नगरीतील कालामांना सांगितले की, केवळ परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका. ती हिताची आहे की अहिताची हे स्वतः पारखून घ्या. हीच कसोटी शेतीलाही लावता येते. पारखायचे कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

१. निसर्गसुसंगत शेती म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला अ‍ॅग्रोइकॉलॉजी म्हणतात, त्याला आपण या लेखापुरते 'निसर्गसुसंगत शेती' असे नाव देऊ. सेंद्रिय शेती, नैसर्गिक शेती आणि निसर्गसुसंगत शेती हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु त्यांत फरक आहे.

सेंद्रिय शेतीत मुख्य भर काय वापरू नये यावर असतो. रासायनिक खत नको, कृत्रिम कीटकनाशक नको, आणि त्याचे प्रमाणपत्र हवे. नैसर्गिक शेतीत बाहेरून विकत आणलेली निविष्ठाच नको असा आग्रह असतो. जीवामृत हे त्याचे परिचित उदाहरण. एका एकरासाठी १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती आणि २०० लिटर पाणी एकत्र करून सुमारे ४८ तास ठेवतात. ही पद्धत विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी देशभर पोहोचविली.

निसर्गसुसंगत शेतीची कल्पना याहून व्यापक आहे. तिच्यात माती, पाणी, पीक, जनावरे आणि झाडे यांचा परस्परसंबंध तर येतोच. पण शेतात राबणारा माणूस, पिकविणारा व खाणारा यांचे नाते, बाजार, स्त्रियांचा अधिकार आणि जमिनीची मालकी हेही येते. कोणतीही गोष्ट एकटी उभी नसते, ती इतर कारणांवर अवलंबून असते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार आपणास परिचित आहे. मातीचा कस, मजुराचे आरोग्य आणि मुलाच्या ताटातील डाळ या तीन गोष्टीही अशाच एकमेकींवर अवलंबून आहेत. त्यांपैकी एकच मोजून बाकीच्या सोडल्या तर मापन अपुरे ठरते.

२. परिवर्तनाच्या पाच पायऱ्या

स्टीफन ग्लीसमन या अमेरिकन अभ्यासकाने या परिवर्तनाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. कापूस पिकविणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याचे उदाहरण घेऊन त्या समजून घेऊ.

पहिली पायरी : खते व औषधे तीच, पण वापर काटकसरीने. पूर्वी दर आठवड्याला डोळे झाकून फवारणी होत होती. आता किडीची पाहणी करून गरज असेल तेव्हाच होते.

दुसरी पायरी : एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू. युरियाऐवजी शेणखत वा गांडूळ खत, विकतच्या विषाऐवजी लिंबोळी अर्क. शेताची रचना मात्र तीच. बांधापासून बांधापर्यंत कापूसच.

तिसरी पायरी : शेताची रचनाच बदलणे. कापसात तुरीचे तास, मूग-उडीद, कडेने ज्वारी व अंबाडी, बांधावर शेवगा, शेतात दोन शेळ्या. यात कीड एका पिकावरून सगळीकडे पसरत नाही, द्विदल पिके जमिनीला नत्र देतात आणि एक पीक गेले तर दुसरे हाताशी राहते.

चौथी पायरी : पिकविणारा आणि खाणारा यांचा थेट संबंध जोडणे. माल मधल्या पाच हातांतून न जाता गटामार्फत शाळेत, वसतिगृहात किंवा शहरातील वस्तीत पोहोचणे.

पाचवी पायरी : संपूर्ण अन्नव्यवस्थाच न्याय, समता आणि निसर्गाचे भान यांवर उभी करणे.

पहिल्या तीन पायऱ्या शेताच्या बांधाच्या आत आहेत, शेवटच्या दोन बांधाबाहेर. सरकारी अहवालांत बहुधा दुसरी पायरी मोजली जाते. किती लोकांनी खत बदलले, किती एकर क्षेत्र नोंदले गेले, एवढेच. खत बदलले पण रचना, बाजार आणि माणसामाणसांतील नाते बदलले नाही, तर तो शेतकरी दुसऱ्या पायरीवरच उभा आहे. असा शेतकरी एका वाईट हंगामात पुन्हा कृषी सेवा केंद्राच्या दारात जातो.

३. मापनाची एक शास्त्रीय पद्धत

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ साली या मापनासाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिला 'टेप' असे संक्षिप्त नाव आहे. विद्यार्थ्यांनी ती समजून घेण्याजोगी आहे. तिचे टप्पे असे :

प्राथमिक टप्पा : गावाची व कुटुंबाची माहिती. पाऊस, जमीन, माणसे, बाजार, शासनाच्या योजना.

पहिला टप्पा : परिवर्तन कुठवर आले हे दहा घटकांवर तपासणे. ते घटक म्हणजे विविधता, ज्ञानाची देवाणघेवाण, घटकांचे परस्परसहकार्य, साधनांचा कार्यक्षम वापर, पुनर्वापर, संकट झेलण्याची ताकद, मानवी व सामाजिक मूल्ये, संस्कृती व अन्नपरंपरा, जबाबदार कारभार, आणि स्थानिक व परस्परांना आधार देणारी अर्थव्यवस्था. या दहांचे ३६ उपप्रश्न आहेत आणि प्रत्येकास ० ते ४ गुण. उदाहरणार्थ पिकांची विविधता घ्या. एकच पीक असेल तर ० गुण. एका पिकाने ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्र व्यापले असेल तर १. दोन-तीन पिके असतील तर २. तीनहून अधिक, स्थानिक हवामानास मानवणारी पिके असतील तर ३. ती आंतरपीक वा मिश्रपीक पद्धतीने घेतली असतील तर ४.

दुसरा टप्पा : त्या परिवर्तनाचा परिणाम काय झाला हे दहा कसोट्यांवर पाहणे. जमिनीवरील हक्काची शाश्वती, उत्पादकता, उत्पन्न, मूल्यवृद्धी, कीटकनाशकांचा संपर्क, आहारातील विविधता, स्त्रियांचे सबलीकरण, तरुणांना रोजगार, शेतीतील जैवविविधता आणि मातीचे आरोग्य.

तिसरा टप्पा : निघालेले गुण गावासमोर ठेवून त्यांचा अर्थ गावकऱ्यांच्या सहभागाने लावणे.

या पद्धतीचा मोठा गुण असा की तिने उत्पादनाच्या क्विंटलबरोबर स्त्रीचा अधिकार, ताटातील अन्न आणि जमिनीचा हक्क यांना स्थान दिले. परंतु आपल्या दृष्टीने तिची एक मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. तिची गणना शेत करणाऱ्या कुटुंबापासून सुरू होते. ज्याच्याकडे शेतच नाही, जो आज या बांधावर तर उद्या त्या बांधावर मजुरीला जातो, त्याचे घर या तक्त्यात सहजासहजी येत नाही. म्हणून ही पद्धत आपण घ्यावी, पण त्या घरापर्यंत नेऊन घ्यावी.

४. नुसत्या घोषणेने परिवर्तन होत नाही

दोन उदाहरणे पाहू. सिक्कीम राज्याने २००३ साली सेंद्रिय शेतीचे धोरण जाहीर केले आणि टप्प्याटप्प्याने रासायनिक खते बंद केली. जानेवारी २०१६ मध्ये सुमारे ७५ हजार हेक्टर क्षेत्रासह ते देशातील पहिले पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषित झाले. २०१८ साली त्यास आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. बारा-तेरा वर्षांचा सातत्यपूर्ण प्रयत्न ही कौतुकाची गोष्ट आहे. तरीही त्या राज्याला लागणारा बराचसा तांदूळ बाहेरून येतो, आणि तो तांदूळ सेंद्रिय असेलच असे नाही. म्हणजे शेत बदलले, पण ताट पूर्णपणे बदलले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या धम्मबांधवांच्या श्रीलंकेचे. तेथील सरकारने २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत रासायनिक खतांच्या व कीटकनाशकांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. परकीय चलनाची टंचाई हेही त्यामागचे एक कारण होते. शेतकऱ्यांना प्रशिक्षण नव्हते, पुरेसे सेंद्रिय खत नव्हते, मधला काळ निभावण्याची सोय नव्हती. भाताचे उत्पादन घसरले, चहाच्या मळ्यांना फटका बसला आणि तांदूळ आयात करावा लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये बंदी मागे घ्यावी लागली. कागदावर पाहिले तर एका दिवसात संपूर्ण देश सेंद्रिय झाला होता. एकराच्या मापाने ती शंभर टक्के प्रगती ठरली असती. प्रत्यक्षात तो गरिबांवरचा आघात होता.

याउलट आंध्र प्रदेशात २०१६ पासून चाललेल्या प्रयत्नात महिला बचत गटांना पाया मानले आहे. तेथे शेतकरी आधी थोड्या तुकड्यावर प्रयोग करतो आणि ज्याने स्वतः करून पाहिले तोच शेजाऱ्यास शिकवितो. जमिनीचा कस परत येण्यास काही वर्षे लागतात. या मधल्या काळात घरची चूल पेटती राहिली पाहिजे, हे ज्या योजनेत धरलेले नसते ती योजना लहान शेतकऱ्याच्या माथी बसते.

५. जमीन कोणाची?

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. जमिनीचा नुसता आकार पाहून शेती किफायतशीर की नाही हे ठरत नाही. तिला लागणारे भांडवल, अवजारे आणि श्रम यांचे जमिनीशी प्रमाण पाहावे लागते, असा त्यांचा मुद्दा होता. एकर हे एकटे माप अपुरे आहे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले. पुढे १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि ती सामूहिक पद्धतीने केली जावी असे मांडले. जमीन जातिभेद न करता गावकऱ्यांना द्यावी. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असे भेदच उरू नयेत, हा त्या मांडणीचा गाभा आहे. शेतीच्या प्रगतीचे याहून स्पष्ट माप क्वचितच कोणी सांगितले असेल.

महार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. पडीक व गायरान जमिनी कसणाऱ्यांपैकी १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. तरीही अनेकांच्या हाती आजही सातबारा नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी वहितीखातेदारी १.०८ हेक्टर आहे, तर अनुसूचित जातींची ०.७८ हेक्टर.

याचा निसर्गसुसंगत शेतीशी काय संबंध? अगदी सरळ संबंध आहे. जमिनीत शेणखत घालणे, बांध घालणे, झाड लावणे याचे फळ तीन ते दहा वर्षांनी मिळते. जो ठोक्याने वा बटईने एका वर्षापुरती जमीन घेतो, तो हे का करील? माती सुधारली की मालक पुढच्या वर्षी ठोका वाढवील किंवा जमीन काढून घेईल. गायरान कसणाऱ्याच्या मनात 'उद्या उठवतील' ही धास्ती असते. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, पीकविमा नाही आणि सेंद्रिय गटाची नोंदणीही अवघड. म्हणूनच 'टेप' पद्धतीतही जमिनीच्या हक्काची शाश्वती ही कसोटी आहे. कागद आहे का, त्यावर स्वतःचे नाव आहे का, उठवले जाणार नाही अशी खात्री वाटते का, जमीन विकण्याचा वा मुलांना देण्याचा अधिकार आहे का, हे ती विचारते. स्त्री आणि पुरुष यांना हे प्रश्न वेगवेगळे विचारायचे असतात.

आणखी एक सावधगिरी हवी. "आपली जुनी शेती किती चांगली होती" असे पुष्कळदा ऐकू येते. जुन्या शेतीत रसायन नव्हते हे खरे. पण बलुते होते, वेठ होती, मेलेले ढोर ओढणे होते आणि खळ्यावर हात पसरून उभे राहणे होते. जुने बियाणे जरूर परत यावे. जुने गाव परत येता कामा नये.

६. जहीराबादच्या महिलांचे माप

हे शक्य आहे का? बीदरच्या पलीकडे तेलंगणात जहीराबादचा कोरडवाहू भाग आहे. तेथे १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या साह्याने गावोगाव महिलांचे संघम उभे राहिले. त्यांतील बहुतेक महिला दलित, अल्पभूधारक वा भूमिहीन होत्या. ज्या जमिनीत काही पिकत नाही म्हणून ती पडीक टाकली होती, ती त्यांनी कसायला घेतली. एकाच शेतात ज्वारी, तूर, नाचणी, राळा, मूग, जवस, करडई अशी अनेक पिके घेतली. बियाणे टोपल्यांत राखेत घालून जपले आणि एकमेकींना उसने दिले.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे गावाचे स्वतःचे धान्य कोठार. पडीक जमीन वहितीखाली आणण्यासाठी शेतकऱ्यास कर्ज मिळे आणि ते पैशाने न फेडता ज्वारीच्या रूपाने काही वर्षांत फेडायचे असे. ती ज्वारी गावातच साठवून पावसाळ्याच्या तोंडी, जेव्हा गरिबाच्या घरात दाणा नसतो, तेव्हा बाजारापेक्षा कमी दराने गरिबांना दिली जाई. गरीब कोण, हे बाहेरच्या अधिकाऱ्याने नव्हे तर गावाने बसून ठरविले. जो जास्त गरीब, त्यास जास्त धान्य. या संस्थेला २०१९ साली संयुक्त राष्ट्रांचे 'इक्वेटर' पारितोषिक मिळाले.

आपल्या मराठवाड्यातही 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत हजारो महिलांनी घरच्या जमिनीतील साधारण एक एकर स्वतःच्या निर्णयाखाली मागून घेतला आणि त्यात घरात खायची धान्ये, डाळी व भाज्या लावल्या. येथे एक एकर हा आकडा महत्त्वाचा नाही. त्या एकरात काय पेरायचे हे बाईने ठरविले, ही प्रगती आहे.

७. ताट आणि फवारा

आहाराचे माप सोपे आहे. अन्नाचे दहा गट मानले आहेत : धान्ये व कंदमुळे; डाळी; शेंगदाणे-तीळ यांसारख्या तेलबिया; दूध व त्याचे पदार्थ; मांस-मासे; अंडी; हिरव्या पालेभाज्या; गाजर-भोपळा-आंबा यांसारख्या पिवळ्या-केशरी भाज्या व फळे; इतर भाज्या; इतर फळे. घरातील स्त्रीने गेल्या २४ तासांत यांपैकी किमान पाच गट खाल्ले का, एवढे विचारायचे. प्रश्न स्त्रीला विचारायचा, कारण ती शेवटी जेवते. तिच्या ताटात पाच गट आले तर बहुधा घरातील इतरांच्या ताटातही आलेले असतात.

या यादीत मांस, मासे आणि अंडी यांना डाळी-दुधाइतकेच मानाचे स्थान आहे, हे लक्षात घ्यावे. अन्नपरंपरा हा त्या पद्धतीचा एक घटक आहे, पण परंपरा कोणाची? आपल्या आयाबायांनी रानातून आणलेली तांदुळजा, कुंजीर, तरोटा यांसारखी भाजी, वाळवून ठेवलेले मांस, कण्यांची आंबील हीसुद्धा परंपराच आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मराठवाड्यातील दलित घरांच्या या खाद्यसंस्कृतीची नोंद करून ठेवली आहे. सेंद्रिय मालाच्या महागड्या दुकानात ज्वारी-बाजरीला भाव आला, पण ती पिकविणाऱ्या मजुराच्या घरी स्वस्त तांदूळच शिजत राहिला, तर त्याला परिवर्तन म्हणता येणार नाही.

दुसरी कसोटी फवाऱ्याची. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली. त्यांत शेतमजुरांची संख्या मोठी होती. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीवर, मास्क नाही, हातमोजे नाहीत, अशा स्थितीत रोजंदारीवर ते फवारत होते. विष विकत कोण घेतो आणि ते अंगावर कोण घेतो, ही दोन वेगळी माणसे आहेत. म्हणून 'या गावात किती लिटर औषध कमी खपले' याबरोबर 'फवारणारा कोण, त्याला साधने मिळाली का, नको म्हणण्याची मुभा होती का' हे मोजले पाहिजे. फवारणी बंद झाल्यावर निंदणी-खुरपणी वाढते. हे वाढलेले काम बायकांच्या वाट्याला येते. त्याची पुरी मजुरी मिळते का, हेही मोजावे लागेल. जीवामृताचे दोनशे लिटर पाणी कोणाच्या डोक्यावरून येते, हा प्रश्नही त्यातलाच.

८. आपल्या वस्तीत मोजणी कशी करावी?

विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर पुढील दहा प्रश्न घेऊन पाहणी करावी. वरील पद्धतीचा आधार घेऊन, आपल्या वस्तीला लागू पडतील असे ते केले आहेत. प्रत्येकास ० ते ४ गुण द्यावेत. 'मुळीच नाही' म्हणजे ०, 'पूर्णपणे आहे' म्हणजे ४.

(१) शेतात तीनहून अधिक पिके, मिश्र वा आंतरपीक पद्धतीने आहेत काय?
(२) पुढच्या हंगामाचे काही बियाणे घरचे किंवा गावातले आहे काय?
(३) माती भुसभुशीत आहे काय? फूटभर खड्ड्यात गांडुळे दिसतात काय? पाणी मुरते की वाहून जाते?
(४) जमिनीचा कागद आहे काय, आणि त्यावर घरातील स्त्रीचे नाव आहे काय?
(५) काय पेरायचे व पैसा कुठे खर्चायचा हे ठरविताना स्त्रीचे मत घेतले जाते काय?
(६) घरातील स्त्रीच्या ताटात काल किती अन्नगट होते? (पाच वा अधिक असल्यास ४, चार असल्यास ३, याप्रमाणे.)
(७) फवारणारास संरक्षक साधने मिळतात काय, किंवा विषारी फवारणी थांबली आहे काय?
(८) शेतमजुरास वर्षातून पुरेसे दिवस काम व पुरी मजुरी मिळते काय? स्त्री-पुरुषांना समान मिळते काय?
(९) शेतकरी गट, बियाणे कोठार, पाणवठा आणि प्रशिक्षण यांत आपल्या वस्तीतील माणसास बरोबरीचे स्थान आहे काय?
(१०) एक हंगाम बुडाला तर सावकाराकडे न जाता घर चालेल काय?

जमीन नसलेल्या घरासाठी पहिले चार प्रश्न लागू नाहीत म्हणून ते घर वगळू नये. चौथ्या प्रश्नास शून्य लिहावे आणि पाच ते दहा प्रश्न अवश्य विचारावेत. पाचवा प्रश्न अशा घरात मजुरीच्या पैशाबाबत विचारावा. सरासरी काढताना दोन आकडे वेगळे ठेवावेत : सर्व घरांची सरासरी आणि सर्वांत खालच्या पाच घरांची सरासरी. दोन वर्षांनी पुन्हा मोजावे. पहिला आकडा वाढला आणि दुसरा जागचा हलला नाही, तर प्रगती वरच्यांची झाली असे समजावे. दोन्ही वाढले तरच ती गावाची प्रगती.

निघालेला तक्ता विहारात सर्वांसमोर वाचून दाखवावा. कोणाच्या घराचे नाव घेऊन त्यास कमीपणा येईल असे करू नये. ज्या प्रश्नाला सर्वांत कमी गुण मिळाले तो विषय ग्रामसभेत लेखी मांडावा. मोजणी कपाटात ठेवण्यासाठी नसते.

समारोप

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात महाविजित राजाची कथा आहे. राज्यात चोऱ्या व लूट वाढली तेव्हा शिक्षा देऊन ती थांबणार नाही असे त्याच्या पुरोहिताने सांगितले. जे शेती व पशुपालन करतात त्यांना बी-बियाणे व चारा द्यावा, व्यापाऱ्यांना भांडवल द्यावे, सेवकांना योग्य वेतन द्यावे, असा त्याने सल्ला दिला. राजाने तसे केले आणि राज्यात शांती नांदली. त्या राजाची प्रगती किती बिघे जमीन नांगरली यावरून सांगितलेली नाही, लोक निर्भय झाले यावरून सांगितली आहे.

मातीचा कस वाढणे आणि माणसाचा मान वाढणे या दोन्ही गोष्टी एकाच तक्त्यात मोजल्या पाहिजेत, हेच या लेखाचे सांगणे आहे. आपण शेतीपासून दूर आलो असू, पण लिहिणे, मोजणे आणि प्रश्न विचारणे बाबासाहेबांमुळे शिकलो आहोत. ती विद्या गावाकडच्या शेवटच्या घरासाठी वापरणे हे आपले कर्तव्य होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सेंद्रिय शेती आणि निसर्गसुसंगत शेती यांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. आपल्या माहितीतील एक शेतकरी पाच पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर आहे? कारणे द्या.
३. श्रीलंकेच्या अनुभवातून कोणते धडे घेता येतील?
४. 'जुने बियाणे यावे, जुने गाव येऊ नये' या विधानावर विहारात चर्चा घडवून आणा.
५. आपल्या आजीला विचारून रानभाज्यांची यादी करा. त्यांपैकी आज किती मिळतात?

भवतु सब्ब मंगलं ।